अर्ज वाचणाऱ्या बाजूने

भरतीचं काम करते म्हटल्यावर ओळखीतलं कुणी ना कुणी बायोडाटा पाठवतंच. 'जरा बघ ना, कुठूनच फोन येत नाहीये.' बहुतेकदा माणूस कामाचा असतो, पण कागदावर ते दिसत नाही. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकते.

एका जागेसाठी ढीगभर अर्ज आले की पहिल्या फेरीत मी ते वाचत नाही, चाळते. नजर जाते ती पानाच्या वरच्या अर्ध्या भागावर. नेमक्या त्या मोक्याच्या जागी 'नामांकित संस्थेत आव्हानात्मक पद मिळवून स्वतःचा व संस्थेचा उत्कर्ष साधणे' असं वाक्य असतं. उत्कर्ष आम्हालाही हवाय हो, पण हिशेब जुळवता येतो का ते आधी सांगा!

एकाने लिहिलं होतं, 'लेखा विभागाचे कामकाज पाहिले.' त्याच्याशी बोलल्यावर कळलं की तो महिन्याला चारेकशे बिलं तपासायचा आणि महिनाअखेरचा हिशेब बंद व्हायला आठ दिवस लागायचे, ते त्याने तीनवर आणले होते. अहो, मग हे लिहा की! आकडा नसेल तर निदान आधी काय अडत होतं आणि तुमच्यामुळे काय सुटलं, एवढं तरी येऊ द्या. जाहिरातीत जे काम मागितलंय, त्याच्या जवळचं जे केलं असेल ते वर घ्या, बाकीचं खाली सरकू द्या.

दिखाऊ मांडणीचंही एक आहे. बऱ्याच ठिकाणी अर्ज आधी सॉफ्टवेअरमध्ये जातो. दोन रकान्यांचा बायोडाटा काही सॉफ्टवेअर सरळ आडवा वाचतात, मग डावीकडचं शिक्षण उजवीकडच्या अनुभवात मिसळतं. पानाच्या अगदी वरच्या हेडरमध्ये लिहिलेला फोन नंबर कधीकधी गायबच होतो. तपासायला सोपं आहे: पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. तिथे तुम्हाला नीट वाचता आला, तर बहुधा आमच्याकडेही नीट पोचेल.

पण खरं सांगू का, सगळी ताकद ऑनलाइन अर्जांवर घालवू नका. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्ये एक निबंध लिहिला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारलं होतं, की ज्याच्याकडून कळलं तो माणूस तुम्हाला कितीदा भेटायचा? 'नेहमी' म्हणणारे निघाले जेमतेम 17 टक्के. बाकीच्यांना ती नोकरी अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून कळली होती. कारण उघड आहे. जवळच्या मित्राला जे ठाऊक असतं ते बहुतेक तुम्हालाही ठाऊक असतं. जुन्या ऑफिसातला, दोन वर्षांत न बोललेला सहकारी वेगळ्या वर्तुळात वावरतो, त्याच्या कानावर वेगळ्या जागा येतात.

त्याला मेसेज करताना 'काही असेल तर सांग' एवढंच लिहू नका. त्यावर कुणालाच काही सुचत नाही. 'खरेदी विभागात पाच वर्षं काढलीत, मध्यम आकाराच्या कारखान्यात तसंच काम शोधतोय, तुमच्याकडे त्या विभागात कोणाशी बोलता येईल?' असं विचारलं की समोरच्याला लगेच एखादं नाव आठवतं. यात लाजण्यासारखं काही नाही. वशिला मागत नाही आहात, माहिती मागताय.

मुलाखतीबद्दल थोडक्यात. आम्ही बऱ्याचदा सगळ्यांना तेच प्रश्न विचारून उत्तरांना गुण देतो. 'मी मेहनती आहे' याला गुण कसे द्यायचे? कामावरचे चार-पाच प्रसंग आधीच आठवून ठेवा, एखादा फसलेलाही. आणि 'काही विचारायचंय का?' यावर 'नाही' म्हणू नका. 'सहा महिन्यांनी या जागेवरच्या माणसाने काय केलेलं तुम्हाला आवडेल?' हे विचारून बघा.

नकार आला तरी दोन ओळींचं सभ्य उत्तर पाठवा, आतून कितीही चरफडत असलात तरी. निवडलेला उमेदवार नोटीस पिरियडमध्ये दुसरी ऑफर घेतो आणि जॉइनिंगच्या दिवशी फोनच उचलत नाही, हे आमच्याकडे नवीन नाही. तेव्हा नव्याने जाहिरात काढायला वेळ नसतो, आणि मी यादीतल्या दुसऱ्या नावाला फोन लावते.