आमची वाटचाल : उद्यमनगरातली रोल्स-रॉइस

२००६ ला शिवाजी उद्यमनगरात एका लेथच्या शेडमागची खोली भाड्यानं घेतली आणि गाड्यांच्या छोट्या मॉडेलचं काम सुरू केलं. आजूबाजूला सगळे बिडाचं ओतणारे, पंपाचे पार्ट करणारे, आणि आम्ही मधेच १:२४ च्या, म्हणजे मूळ मापाच्या चोविसाव्या हिश्श्याच्या, संस्थानी गाड्या करत बसलेलो. पण हे काम जमलं ते कोल्हापुरात होतो म्हणूनच. ओतकामातली माणसं शेजारी, डाय पॉलिश करणारा समोर आणि हुपरी हाकेच्या अंतरावर.

हुपरीचं सांगायलाच पाहिजे, कारण तारांची चाकं जमली नाहीत तर व्हिंटेज गाडी खेळणं दिसते. बाजारातली एच केलेली, म्हणजे पत्र्यातून ॲसिडनं कोरून काढलेली चाकं चपटी असतात, बाजूनं बघितलं की कळतंच. आमचे पहिले पार्टनर हुपरीचे, चांदीच्या कामातले, आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो. तार ओढायची पट्टी, चिमटा आणि फुंकणी एवढ्यावर बसायचे, जर्मन सिल्व्हरची तार बारीक ओढून एकेक आरा रिमला झाळेचा डाग देऊन बसवायचे. तो डाग भिंगातून शोधा, सापडत नाही. आमचं नाव झालं ते दादांच्या चाकांनी.

पुढची काही वर्षं बरी गेली, जास्त करून जुन्या डायकास्टचं, म्हणजे कारखान्यात साच्यात ओतलेल्या धातूच्या गाड्यांचं रिपेंट. मग आम्ही राजकोटच्या ठाकोरसाहेबांची १९३४ ची रोल्स-रॉइस फँटम टू कॉन्टिनेन्टल करायला घेतली, तीच 'स्टार ऑफ इंडिया', थ्रप अँड मेबर्लीची बॉडी, केशरी रंग, स्टिअरिंगबरोबर वळणारे दिवे. मूळ गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, १४४ इंच, म्हणजे १:२४ ला बरोबर ६ इंच. पितळी मास्टर, म्हणजे ज्यावरून साचे काढतात तो मूळ नमुना, कानशीनं हातानं घडवलं, दिव्यांना खालून तारेची जोडणी दिली, चाक वळवलं की दिवे वळतात.

आणि इथंच घात झाला. मुंबईच्या एका डीलरनं मोठी ऑर्डर दिली, नमुना म्हणून बिनरंगाची कास्टिंगं मागून घेतली, माल उचलला, पैसे अडकवले, आणि काही महिन्यांत 'स्वतःचं' मॉडेल निम्म्या भावात काढलं! मी एक विकत आणलं आणि व्हर्नियर लावला. आमचं ६० मिलिमीटरचं बॉनेट त्याच्याकडं ५९ ला भरलं. कास्टिंगवरून सिलिकॉनचा साचा काढून परत ओतलं की माल आकसतो, हे या धंद्यातल्या कुणालाही कळतं. वर मडगार्डच्या आतला आमचा कानशीचा ओरखडाही तसाच उतरलेला. फोन केला तर म्हणतो, राजकोटची गाडी काय तुमच्या मालकीची आहे का? गाडी नाही हो, पण मास्टर आमचं होतं. ते पैसे आजपर्यंत आले नाहीत, कॉम्प्रेसरसकट सामान विकायची वेळ आली होती.

त्या वेळी इंदूरचे डॉक्टरसाहेब उभे राहिले. त्यांना होळकरांची ड्यूसेनबर्ग हवी होती, लंडनच्या गर्नी नटिंगनं बॉडी केलेली, नारिंगी आणि काळी. सगळे पैसे आगाऊ पाठवले आणि वर नारिंगीच्या शेडवरून माझ्याशी भांडले, "अहो, ट्यूबखाली काय बघता, उन्हात न्या!" उन्हात नेलं, लालसर निघाली, सगळा रंग उतरवून परत मारला. तेव्हापासून आमच्याकडं शेड उन्हातच पास होते.

नवीन मुलांना सांगतो, बिनरंगाचं कास्टिंग कुणाला देऊ नका. खऱ्या गाडीचा मेटॅलिक रंग मॉडेलवर मारू नका, त्यातले कण या स्केलला वाळूसारखे दिसतात. धातूवर एच प्रायमर, म्हणजे धातूला धरून बसणारा पहिला थर, दिल्याशिवाय रंगाला हात लावू नका, मास्किंग टेप ओढली की रंग सोबत येतो. थिनरमध्ये पैसे वाचवू नका. आणि पावसाळ्यात लॅकर मारू नका, दमट हवेत रंगावर पांढरी झाक धरते आणि मग किती पेपर मारा.

सध्या टेबलावर आमच्या कोल्हापूरचीच मेबॅक आहे, दसऱ्याला महाराज ज्या गाडीतून चौकात येतात ती. मास्टर झालंय, चाकं दादांचा मुलगा करतोय. रिपेंटचं काम द्यायचं असेल तर मेच्या आत पाठवा, जून ते सप्टेंबर आम्ही फक्त कानस चालवतो, एअरब्रशला हात लावत नाही.