फाइल म्हणजे पुठ्ठा नव्हे

“आई, सेव्ह केलं होतंस का?”

हा प्रश्न पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझं डोकंच फिरलं होतं. दोन तास एका बोटाने टाइप करून पावणेतीन पानं झाली होती. जुन्या लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीने दगा दिला, स्क्रीन काळी झाली. चार्जर लावून पुन्हा सुरू केलं, नोटपॅड उघडलं, तर पान कोरं. मुलाला फोन लावला आणि त्याने थंडपणे हे विचारलं. सेव्ह म्हणजे वाचवणं एवढं मला येत होतं. पण वाचवायचं कशापासून? लिहिलेलं तर डोळ्यांसमोर दिसत होतं!

तीस वर्षांत लिहिलेल्या माझ्या अकरा वह्या आहेत. निवृत्त झाल्यावर त्या टाइप करायच्या, एवढंच मनात होतं. संगणक शिकायची हौस मला तेव्हाही नव्हती, आजही फारशी नाही. पण त्या दुपारनंतर लक्षात आलं की हे शब्द समजल्याशिवाय पहिली वहीसुद्धा पुरी होणार नाही.

मग मी मला ठाऊक असलेला एकमेव उपाय केला : पाठांतर. बाराव्या वहीत डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. सीपीयू म्हणजे सेंट्रल प्रोसेसिंग युनिट. रॅम म्हणजे रँडम ॲक्सेस मेमरी. रोम म्हणजे रीड ओन्ली मेमरी. दोन आठवड्यांत साठेक शब्दांचे लाँगफॉर्म घडाघडा म्हणता येऊ लागले आणि काम मात्र तसूभर पुढे सरकलं नाही. लाँगफॉर्म आला म्हणजे शब्द आला, हा माझा भ्रम त्या दोन आठवड्यांत उतरला. ‘रँडम ॲक्सेस’ याचा अर्थ कळूनही, वीज गेली की रॅम रिकामी होते ही कामाची गोष्ट त्यातून कळत नाही. टेबलाखालच्या त्या अख्ख्या डब्याला मी कायम सीपीयूच म्हणत आले होते, बरेच जण म्हणतात. प्रत्यक्षात सीपीयू म्हणजे त्या डब्याच्या आतली, तळहातावर सहज मावेल एवढी एक चौकोनी चिप. बेरजा-वजाबाक्या आणि तुलना करण्याचं काम तिचं. बाकीचा डबा म्हणजे कॅबिनेट.

मराठी प्रतिशब्दांचाही नाद केला. कीबोर्डसाठीचा कळफलक हा शब्द मला मनापासून आवडला, अजून वापरते. पण फाइलला कुणी धारिका म्हणतं, कुणी संचिका, आणि ज्याला विचारायचं त्या मुलाला यातलं काहीच समजत नाही. तो नाद सोडला.

खरी सुरुवात झाली ती टास्क मॅनेजर सापडला तेव्हा. संगणकात या घडीला काय काय चालू आहे ते दाखवणारी ही खिडकी. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप अशी तीन बटणं एकदम दाबली की विंडोजमध्ये तो उघडतो. त्यात ‘मेमरी’ असं लिहिलेलं होतं आणि खाली आकडा : ८ जीबीपैकी सुमारे ३ वापरात. मी ब्राउझर, म्हणजे वेबची पानं दाखवणारा प्रोग्रॅम, उघडला, आकडा चढला. आणखी पाच-सहा टॅब उघडले, आणखी चढला. सगळं बंद केलं, उतरला. दुसऱ्या खिडकीत डिस्कवरची मोकळी जागा बघत होते, ती जवळपास हलली नाही. म्हणजे ‘मेमरी’ आणि ‘स्टोरेज’ या दोन वेगळ्या जागा आहेत, आणि दोन्ही जीबीतच मोजतात म्हणून मी आजवर त्यांची खिचडी करत होते. फोनवर ‘स्टोरेज फुल’ आलं की मी उघडी ॲप बंद करत बसायचे आणि तो संदेश काही जायचा नाही. जाणार कसा? मी रॅम मोकळी करत होते. भरली होती ती साठवणीची जागा, म्हणजे फोटो आणि व्हिडिओ.

आपण तोंडी बेरीज करतो तेव्हा म्हणतो ना, सात नि पाच बारा, दोन लिहिले, हातचा एक. रॅम म्हणजे सगळे हातचे. सीपीयूला या क्षणी जे लागतंय ते तिथे असतं, हाताशी, झटपट मिळणारं. मध्येच कुणी हाक मारली की हातचा विसरतो. कागदावर उतरवलेलं तेवढं उरतं. रॅममध्ये एकेक बिट, म्हणजे माहितीचा सगळ्यात लहान कण, हा एका अतिसूक्ष्म कपॅसिटरमधला (वीज साठवणाऱ्या भागातला) विजेचा भार असतो, आणि तो सतत गळत असतो. म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत तो पुन्हा भरावा लागतो. वीज गेली, भरणं थांबलं, हातचे गेले. हार्ड डिस्क किंवा एसएसडी (चिपवर साठवणारी नवी डिस्क) यांवर उतरवलेलं मात्र विजेशिवाय टिकतं. माझी पावणेतीन पानं स्क्रीनवर दिसत होती, पण होती हातच्यात. सेव्ह करणं म्हणजे हातचा कागदावर उतरवणं. हे कळल्यावर कंट्रोल आणि एस ही दोन बटणं दर परिच्छेदाला आपोआप दाबली जाऊ लागली.

सेव्हच्या चित्रातली ती चौकोनी वस्तू म्हणजे फ्लॉपी, हे मुलाने सांगितलं. साडेतीन इंची फ्लॉपीत १.४४ एमबी मावायचं. माझ्या फोनवरचा एक फोटो तीन एमबीचा असतो, म्हणजे तो अर्धासुद्धा मावला नसता. वस्तू बाद झाली, चित्र राहिलं.

आता फाइल. या एका शब्दाने मला महिनाभर छळलं, आणि याचं कारण संगणकात नसून आपल्या बोलण्यात आहे असं माझं मत आहे. आपण फाइल कशाला म्हणतो? दोरी लावलेल्या पुठ्ठ्याला, ज्यात कागद लावतात. ‘फाइलमध्ये कागद लाव’, असंच आपण म्हणतो. नोकरीत माझा अख्खा जन्म अशा फाइलींमध्ये गेला. संगणकात मात्र फाइल म्हणजे तो कागद, आणि पुठ्ठा म्हणजे फोल्डर. मुलगा म्हणायचा, ‘फाइल फोल्डरमध्ये टाक’, आणि मी मनात फाइलमध्ये फाइल कशी जाईल याचा विचार करत बसायचे. अदलाबदल एकदा पक्की झाल्यावर सगळं सरळ झालं. एवढी साधी गोष्ट कुठल्याही व्याख्येत लिहिलेली नव्हती.

फाइलच्या नावाचं शेपूट, म्हणजे एक्स्टेन्शन, हाही धडा घोटाळ्यातूनच मिळाला. एका फाइलचं नाव बदलताना टिंबापुढचं ‘डीओसीएक्स’ मला कचरा वाटलं, खोडून टाकलं. विंडोजने इशारा दिला होता, मी न वाचताच हो म्हटलं. नंतर डबल क्लिक केलं तर ‘कशाने उघडू?’ असं विचारू लागलं. मजकूर जागच्या जागी होता, फक्त ही फाइल कोणत्या प्रोग्रॅमची हे सांगणारी खूण मी पुसली होती. शेपूट परत लावलं, उघडली. याच्या उलटही खरं : फोटोच्या फाइलला पीडीएफचं शेपूट लावल्याने तिची पीडीएफ होत नाही.

शॉर्टकटची फजिती याहून मोठी. पहिली वही टाइप झाली, ती मैत्रिणीला वाचायला द्यायची होती. डेस्कटॉपवरचा आयकॉन कॉपी केला, पेनड्राइव्हवर पेस्ट केला, ऐटीत नेऊन दिला. तिच्याकडे काही उघडेना. आयकॉनच्या कोपऱ्यात एक इवलासा वाकडा बाण होता, त्याकडे मी कधी पाहिलंच नव्हतं. तो बाण म्हणजे ही फाइल नाही, फाइलकडे नेणारी पाटी आहे. मी पाटी उपटून दुसऱ्या गावाला नेली होती. तेव्हापासून कॉपी केल्यावर मी साइझ बघते. शॉर्टकट जेमतेम एक-दोन केबीचा असतो. सबंध वही एक केबीत बसत नाही, हे तरी मला कळायला हवं होतं.

केबी, एमबी, जीबी या प्रकरणात मला आधी फसवणूक झाल्यासारखं वाटलं. लॅपटॉपची डिस्क २५६ जीबीची, आणि विंडोज दाखवतंय २३८. अठरा जीबी कुणी खाल्ले? कुणीच नाही. डिस्क बनवणारे १ केबी म्हणजे १००० बाइट, १ एमबी म्हणजे १००० केबी असं मोजत जातात, तर विंडोज दर पायरीला १०२४ ने भागतं. तीन पायऱ्या चढेपर्यंत फरक एवढा होतो. स्वतः कॅल्क्युलेटर घेऊन तीनदा भागाकार केला, आकडा २३८.४ आला, आणि समाधान झालं. हा गोंधळ मिटावा म्हणून १९९८ मध्ये १०२४ च्या हिशेबाला किबीबाइट, मेबीबाइट अशी वेगळी नावं ठरवली गेली. ती कुणी बोलताना मी ऐकलेली नाहीत.

बिट म्हणजे शून्य किंवा एक, आणि आठ बिटांचा एक बाइट. हे पाठ होतं, पण त्याने फरक पडतो हे इंटरनेटच्या वेगाने शिकवलं. ४० एमबीपीएसचं (सेकंदाला ४० मेगाबिटचं) कनेक्शन असूनही डाउनलोड सेकंदाला पाचच एमबी दिसायचं. एमबीपीएसमधला बी बिटचा असतो आणि फाइलच्या आकारातला बी बाइटचा, त्यामुळे चाळीसला आठने भागायचं. बाइट हा शब्द १९५६ मध्ये वेर्नर बुखहोल्त्स यांनी आयबीएममध्ये काम करताना बनवला. बिटशी गल्लत होऊ नये म्हणून त्याचं इंग्रजी स्पेलिंग मुद्दाम वेगळं ठेवलं, असं सांगतात. तरी गल्लत झालीच, माझी तरी.

देवनागरी टाइप करताना आणखी एक कोडं पडलं. ‘क्षि’ लिहिलं आणि खोडायला बॅकस्पेस दाबलं, तर अक्षर न जाता फक्त वेलांटी गेली. पुन्हा दाबलं, ष गेला. मग हलन्त, मग क. चार वेळा! आपल्याला एक अक्षर दिसतं, संगणकाने साठवलेली चिन्हं चार असतात. या प्रत्येक चिन्हाला युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांसाठीच्या एकाच सामायिक यादीत, स्वतःचा क्रमांक आहे. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची आणि देवनागरीच्या मुख्य तक्त्यात १२८ घरं आहेत. हे क्रमांक बाइटांत साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत आपलं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणून एकटा ‘क्षि’ बारा बाइटांचा. रोमन ‘ए’ एकाच बाइटात बसतो. हे वाचल्यावर मला उगाचच अभिमान वाटला होता, कशाचा ते माहीत नाही.

यातूनच फाँट म्हणजे काय तेही उलगडलं. एका परिचितांनी त्यांचा जुना मराठी लेख पाठवला होता, तो उघडला तर नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हांचा कालवा. फाइल खराब झाली समजून मी ती टाकून देणार होते. खराब काहीच नव्हतं. जुन्या पद्धतीत साठवलेले क्रमांक रोमन अक्षरांचेच असायचे आणि फाँट त्यांच्यावर मराठी आकाराचा मुखवटा चढवायचा. तो फाँट माझ्याकडे नव्हता, म्हणून मुखवट्याखालचा चेहरा दिसला. युनिकोडमध्ये ‘क’ हा ‘क’ म्हणूनच साठवला जातो. फाँट बदलला तर वळण बदलतं, अक्षर बदलत नाही. माझ्या वह्या कोणत्या पद्धतीने टाइप करायच्या हा प्रश्न तिथेच मिटला. इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीचा प्रमाण कळफलक, शिकायला तीन आठवडे लागले, आता बोटं आपसूक जातात.

इंटरनेट, वेब, ब्राउझर, सर्च इंजिन हे चार शब्द मी एकाच अर्थाने वापरायचे. त्यात फार वेळ गेला नाही, कारण एका सनावळीने काम केलं : रे टॉमलिन्सन यांनी अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यावर, दोन संगणकांमध्ये ईमेल पाठवला १९७१ मध्ये, आणि टिम बर्नर्स-ली यांनी वेबची कल्पना मांडली १९८९ मध्ये. वेब नसताना ईमेल होता, म्हणजे जाळं वेगळं आणि त्यावर चालणारी वेब वेगळी. वेबची पानं दाखवणारा प्रोग्रॅम तो ब्राउझर, आणि पानं शोधून देणारी सेवा ते सर्च इंजिन. क्रोम आणि गूगल सर्च एकाच कंपनीचे असल्याने माझ्यासारख्यांचा गोंधळ होतो, त्यात आमचा दोष नाही.

पाठांतराच्या वहीत आता नवे शब्द येतात ते वेगळ्या रीतीने. शब्द, आणि त्यापुढे तो कधी आडवा आला ती हकिगत. लाँगफॉर्म नाही. ‘ड्रायव्हर’पुढे लिहिलंय : प्रिंटर जोडला, लॅपटॉप त्याला ओळखेना, त्या वेळी. ‘कॅशे’ आणि ‘कुकी’ यांच्यापुढची जागा अजून कोरी आहे.

परवा मुलाला फोन केला. पूर्वी मी सांगायचे, “अरे, ते गोल गोल फिरतंय आणि काही होत नाही.” या वेळी म्हटलं, “ब्राउझर हँग झालाय. बाकी सगळं चालतंय, रॅम जवळजवळ भरलीय. वर्डमधलं सेव्ह केलंय. टास्क मॅनेजरमधून ब्राउझरचं एंड टास्क करू ना?”

पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाला, “कर की. मला कशाला विचारतेस?”

केलं. सातवी वही चालू आहे.