तुरीच्या डाळीएवढा खडा

2012 च्या सप्टेंबरमध्ये गोव्यात मायनिंग बंद झालं तेव्हा मी डिचोलीकडच्या एका खाणीवर काट्यावर होतो. काटा म्हणजे ट्रकांचा वजनकाटा. रिकामा ट्रक आला की वजन, भरून आला की परत वजन, वजाबाकी करून चलन फाडायचं, बस. आधी सरकारने बंद केलं, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाचा आदेश आला आणि ट्रकवाले, बार्जवाले, गॅरेजवाले, चहाचे गाडे, सगळेच एका फटक्यात घरी. त्यात एक बरं होतं, कुणी विचारलं तर मान खाली घालायला लागत नव्हती, अख्खा तालुका बेकार तिथे मी कोण.

खरं सांगायचं तर त्या कामात मी चालढकलच करायचो. रिकाम्या ट्रकचं वजन दर खेपेला घ्यायचं असतं, मी सरळ कालचंच टाकायचो, मागे एवढी रांग लागलेली, कोण बघतंय. माझ्या शेजारी बसणारा मुलगा मात्र दर वेळी वजन घ्यायचा आणि ड्रायव्हरांच्या शिव्या खायचा. आम्ही त्याला हसायचो.

मामाची मयेला गणपतीची चित्रशाळा आहे. 2013 च्या जूनमध्ये आई म्हणाली घरी बसून काय करतोस, मामाला हात दे. मला वाटलं रंग देईन, डोळे रेखीन वगैरे. कसले डोळे! माझ्या वाट्याला माती. भिजवलेली चिकणमाती मळायची आणि मळता मळता खडे, मुळं, शिंपले वेचून काढायचे. दिवसभर तेच. पाठ मोडते आणि दिसायला काहीच होत नाही, त्यामुळे दुपारनंतर मी वरवर मळायचो आणि गोळे रचून मोकळा व्हायचो.

चतुर्थीला दोन दिवस असताना एका दोन फुटी गणपतीच्या खांद्याला तडा दिसला, रंगसुद्धा झाला होता त्याचा. मामा ओरडला नाही. खिळ्याने तिथे टोकरलं, आतून तुरीच्या डाळीएवढा खडा निघाला, तो माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाला, "हात लावन पळय." म्हणजे हात लावून बघ. बस एवढंच. मग कापूस मिसळलेली माती भरली, बाहेर धो धो पाऊस, सुकणार कशी, म्हणून बल्ब लावून आम्ही दोघं राखत बसलो. परत रंग होईपर्यंत रात्रीचे तीन वाजले. त्या घरचा पाट समोरच होता, खडूने नाव लिहिलेला. सकाळी ते लोक आले आणि "मोरया" म्हणून घेऊन गेले, त्यांना काही कळलं नाही. मी तेवढा वेळ मागे बादल्या धुत होतो.

2014 मध्ये कोर्टाने वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी दिली आणि 2015 मध्ये खाणी परत हलायला लागल्या. काट्यावर त्या मुलाला बोलावलं, मला नाही. सुपरवायझरला फोन केला तर म्हणाला, "तुझी चलनं किती वेळा परत आली होती आठवतंय?" आठवत होतं. 2012 ला हे ऐकलं असतं तर वशिलेबाजी म्हणून बोंब मारली असती, तेव्हा नुसतं "हो सर" म्हणालो आणि फोन ठेवला.

आता म्हणाल मग त्या मुलाचं भलं झालं असेल. कसलं काय, मार्च 2018 ला कोर्टाच्या निकालाने परत सगळं बंद, तोही घरी. पण महिन्याभरात साखळी गावातल्या एका हार्डवेअरवाल्याने त्याला हिशेबाला ठेवला, आणि पुढे त्यानेच माझं नाव तिथे सांगितलं. मी ज्याला हसायचो तोच. आज आम्ही परत शेजारी बसतो आणि स्टॉक मी दोनदा मोजतो.

जून लागला की दुकान सुटल्यावर मयेला जातो, माती मळायला. मामा अजून माझा प्रत्येक गोळा फोडून बघतो. परवा एक शिंपला निघालाच.