आजीची मूठ

इंदूरच्या आमच्या घरी, स्वयंपाकघराच्या खालच्या फळीवर वनस्पती तुपाचा एक जुना पत्र्याचा डबा असे आणि रोज सकाळी कणीक भिजवण्यापूर्वी आजी परातीतल्या पिठाची एक मूठ त्यात टाकत असे. पोळ्या दहा करायच्या असोत की पाहुण्यांमुळे चाळीस, मूठ एकच. पण ती कधी आवळलेली नसे, बोटांच्या फटींतून पीठ ओघळेल इतकी भरलेली असे. ‘हिची मूठ घरासाठी लहान आणि देवासाठी मोठी,’ असे आजोबा म्हणत, अर्थात पोळ्यांना तूप लावून झाल्यावर. महिनाअखेरीस ते पीठ चर्चच्या महिला मंडळाकडे जाई. मात्र मधेच गल्लीत कोणाची चूल थंड असल्याचे कानावर आले, तर डबा आधी तिकडे रिकामा होई. त्या पिठाची नोंद मंडळाच्या वहीत होत नसे आणि त्यावरून चिटणीसबाई व आजी यांची दरवर्षी कुरबूर ठरलेली.

आजीचे माहेर नगरचे. अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे तिथे १८३१ मध्ये आले, आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांची अभंगाच्या वळणाची पदे तर तिच्या लहानपणी घरोघरी म्हटली जात. लग्न होऊन ती आली कॅनडाच्या प्रेसबिटेरियन मिशनऱ्यांनी १८७७ मध्ये काम सुरू केलेल्या इंदुरात, जिथे आमच्या चर्चची उपासना हिंदीत चाले. हिंदी भजने ती मन लावून गाई, पण कणीक मळताना टिळकच. ‘अहिल्याबाईसुद्धा नगरकडच्या चौंडीच्या; आमच्या मुली इंदूरला द्यायची रीतच आहे,’ हे तिचे ठेवणीतले वाक्य होते. अहमदनगरचे आता अहिल्यानगर झाले आहे. माहेर आणि सासर एकाच नावात आल्याचे तिने अख्ख्या गल्लीला आठवडाभर ऐकवले असते. १९७० मध्ये अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली आणि फाटकावरची पाटी बदलली. आजीचे पंख्याखालचे बाक तेच राहिले.

तिचा खरा जोर दिसे तो कापणीच्या सणाला. उपासनेत अर्पण केलेल्या वस्तूंचा नंतर आवारात लिलाव होई, आणि एखाद्या गरीब बाईने भीतभीत ठेवलेल्या चार पपयांवर कोणी बोली लावत नाही असे दिसले, की आजी पदर खोचून उभी राही आणि एखाद्या प्रतिष्ठित गृहस्थाला ईर्ष्या चढेपर्यंत भाव वाढवत नेई. एका वर्षी हा डाव उलटला. समोरचे गृहस्थ ऐनवेळी गप्प बसले आणि आमच्याच अंगणातला, आम्हीच अर्पण केलेला भोपळा बाजारभावाच्या तिप्पट किमतीला घरी परत आला. पुढचे चार दिवस आम्ही भोपळ्याची भाजी, भोपळ्याचे घारगे आणि आजोबांचे मौन यांवर काढले.

एलीया संदेष्ट्याला आपल्या मडक्यातल्या शेवटच्या मूठभर पिठाची भाकर करून देणाऱ्या सारफथच्या विधवेची गोष्ट तिने आम्हाला अनेकदा सांगितली. ते पीठ पुढे सरले नाही, असे शास्त्रात आहे. ‘मग आपला डबा का रिकामा होतो?’ असे मी एकदा विचारले, तेव्हा ती म्हणाली, ‘आपल्याकडे गिरणी आहे ना, दळण घेऊन ये.’ आणि पिशवी माझ्या हातात दिली.

ती गेली नोव्हेंबरच्या १७ तारखेला, रात्री. दफनविधीच्या वेळी पाळकसाहेबांनी नीतिसूत्रांचा एकतिसावा अध्याय वाचला. त्यातली सद्गुणी स्त्री रात्र सरण्यापूर्वी उठून घरच्यांना अन्न देते, दीनांना मदतीचा हात पुढे करते; इथपर्यंत आजी जुळत होती. पण ती स्त्री शेत पारखून विकत घेते असेही तिथे आहे, आणि ते ऐकताना मला शेताऐवजी भोपळा आठवला व त्या प्रसंगी येऊ नये असे हसू आले. शेजारी उभ्या असलेल्या आत्याचेही खांदे हलत होते. त्यात रडणे किती होते, हे मी तिला विचारले नाही.

महिनाअखेरीस मंडळाची बाई पिशवी घेऊन दारात आली. आईने डबा काढला. पीठ निम्म्याच्या थोडे वर होते. तिने काही न बोलता परात पुढे ओढली आणि तीतून एकेक मूठ, बोटांच्या फटींतून ओघळेल इतकी भरून, डब्यात टाकली. तेरा.