अठरा घरांची भाजी आणि एक नळजोड

"भाजी विकत नाही, तर मग पिकवता कशाला?" पाणीपुरवठ्याच्या खिडकीमागच्या साहेबांनी हा प्रश्न मला तीन वेगवेगळ्या दिवशी विचारला. तिन्ही वेळा खरंच कुतूहलाने.

शाळेमागे ट्रस्टची अडीच गुंठे जागा पडीक होती. तिथे भाजी लावायची आणि दर शनिवारी पलीकडच्या वस्तीतल्या १८ घरांना वाटायची, एवढाच बेत. ट्रस्टने पत्र दिलं, पोरांनी एका रविवारात गाजरगवत उपटलं, वाफे झाले. अडलं ते पाण्यापाशी.

नळजोडाच्या अर्जात 'वापराचा प्रकार' असा रकाना. घरगुती की व्यावसायिक? घरगुती म्हणावं तर तिथे घर नाही. व्यावसायिक म्हणावं तर दर परवडत नाही, वर दुकानाचा परवाना जोडा. मी पेनाने 'सामाजिक' लिहून दिलं. अर्ज परत. मग उद्यान विभागाचं ना-हरकत आणा म्हणाले. उद्यान विभाग म्हणाला, जागा आमची नाही, आम्ही हरकत घेणारे कोण? हेच लेखी द्या म्हटलं तर, "असं लेखी देत नसतात." पुन्हा पहिली खिडकी. साहेब रजेवर. मग साहेब मीटिंगला. मग फाइलच सापडेना, आणि सापडली तेव्हा तिच्यातून ट्रस्टचं पत्र गायब! (पोचेचा शिक्का मारलेली प्रत घरी ठेवाच. मी ठेवली होती, म्हणून वाचले.) जानेवारीतला अर्ज, एप्रिल उजाडला. तोवर आम्ही बायका समोरच्या सोसायटीतून २० लिटरचे कॅन वाहून पालक जगवत होतो. मेथी गेलीच.

शेवटी चिडून माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, बास. पण महाराष्ट्रात हा अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, हे मला कुठे ठाऊक? पहिला मसुदा चार पानी होता, त्यात निम्मं माझं रडगाणं. ते फाडून एवढंच विचारलं: माझा अर्ज कोणत्या तारखेला कोणाच्या टेबलावर होता आणि त्यावर काय शेरा मारला?

उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. अकराव्या दिवशी उत्तराऐवजी फोन आला. "मॅडम, 'संस्था' या प्रकारात भरायचा ना अर्ज! मागच्या पानावर आहे." मी अर्ज कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून घेतला होता. त्याला मागचं पानच नव्हतं. चार महिन्यांत त्या खिडकीतल्या एकाही माणसाने तो उलटून पाहिला नाही. मीही नाही, पण मला त्याचा पगार मिळत नाही.

आता आठवलं म्हणून सांगते: वाफे करण्याआधी जागा खणून बघा. आमच्याकडे वीतभर खाली जुन्या बांधकामाचा राडारोडा निघाला. मग विटा रचून वर माती, शेणखत, पालापाचोळा घातला.

नळाला पाणी आलं मेच्या दुसऱ्या आठवड्यात. त्या शनिवारी वस्तीत पहिल्यांदा पालकाच्या भरपूर जुड्या नेल्या. माझी छाती फुगलेली. एका आजींनी जुडी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, "अंबाडी नाही का लावली गं?"

अंबाडी जूनमध्ये लावली. मधला अख्खा वाफा तिचाच आहे.