गोळी वाटणाऱ्याच्या वहीत फिटचा रकाना

आयव्हरमेक्टिन म्हटलं की आपल्याकडे कोविडच आठवतो. इथे उत्तर युगांडात, कितगुमकडे, ती अंधत्व टाळायची गोळी आहे. जोरात वाहणाऱ्या नदीकाठची काळी माशी चावते, जंत अंगात जातो, हळूहळू डोळे जातात. मर्क कंपनी 1987 पासून ही गोळी फुकट देतेय. काल आमच्या वस्तीत वाटप होतं. गावातलाच एक पोरगा, उंची मोजायची काठी (उंचीवरून गोळ्या किती ते ठरतं) आणि वही. गोळी गिळून झाली की तो प्रत्येक घरी विचारायचा, घरात कुणाला फिट येते का? हो म्हटलं की नाव लिहून आरोग्य केंद्राची तारीख द्यायचा. मी बघतच राहिले.

कारण जिथे हा जंत जास्त तिथे पोरांना फिटही जास्त. याच भागात ताट समोर आलं की माना टाकणारी मुलं होती, नोडिंग सिंड्रोम म्हणतात त्याला. जंत नेमकं काय करतो ते शास्त्रज्ञांनाही पूर्ण उलगडलेलं नाही, पण 2012 पासून वर्षातून दोनदा गोळी आणि नदीत अळीनाशक सुरू झालं आणि नवीन केसेस थांबत गेल्या. पण जी मुलं आधीच आजारी आहेत त्यांची फिट या गोळीने थांबत नाही, त्यांना फिटची गोळी रोज, वर्षानुवर्षं लागते, ती स्वस्त असूनही केंद्रात कधी कधी संपलेली असते, आणि तेव्हा नुसते जंत कमी झाल्याचे आकडे मिरवणाऱ्यांचा मला फार राग येतो.

नाशिकला हा जंत नाही, मान्य. आपल्याकडे न्यूरॉलॉजिस्ट आहेत, एमआरआय आहे, हे मी इथे अभिमानाने सांगते. पण आपला जंत वेगळा, डुकराचा टेपवर्म, त्याची अंडी न धुतलेल्या कोथिंबिरीतून पोटात जातात आणि मेंदूत गाठ होऊन फिट येते, माळकऱ्यालासुद्धा. शाळेत जंतनाशक दिवसाला अल्बेंडाझोल देतात तेव्हा कुणी विचारतं का, कुणाला फिट येते? घरी कांदा हुंगवतात आणि पोरीचं लग्न होईपर्यंत गप्प. 1999 मध्ये हिंदू विवाह कायद्याच्या अटींतून अपस्मार, म्हणजे हीच फिट, काढून टाकला तरी!

सिन्नरची मामी आशा सेविका आहे, तिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, अगं आमच्या वहीत आधीच इतके रकाने, आणि लग्नाची पोरगी असेल तर खरं सांगणारे का कोणी? तिचं खरंय. इथेही आधी नाहीच म्हणतात, फिट लाळेतून पसरते असं वाटतं लोकांना. पण विचारणाऱ्या पोराच्या स्वतःच्या भावाला फिट येते हे गावाला माहितीये, म्हणून त्याला सांगतात.