केबलची किंमत आणि कागदावर नसलेली रात्र

चोपडा तालुक्यातल्या एका केळीच्या मळ्यात रात्री पावणेबाराला एकोणीस वर्षांचा पोरगा पकडला गेला. खांद्यावर विहिरीतल्या मोटारीच्या केबलचं भेंडोळं. मळेवाल्यांनी त्याला खांबाला बांधलं आणि सकाळी सव्वाआठला पोलिसांच्या हवाली केलं. दुपारी विधी सेवेचा (मोफत कायदेशीर मदतीचा) वकील म्हणून रिमांडचे कागद माझ्या हाती आले. त्यात अटकेची वेळ साडेनऊ. अख्खी रात्र गायब!

पोलीस नसलेल्यालाही अटक करता येते, पण फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, म्हणजे नागरिक सुरक्षा संहिता, तिचं कलम ४० नीट वाचावं. समोरचा फरारी घोषित झालेला हवा, नाहीतर गुन्हा पकडणाऱ्याच्या समक्ष घडलेला हवा. आणि तो दखलपात्रही हवा, म्हणजे पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येईल असा, आणि अजामीनपात्रही, म्हणजे जामीन हक्कानं मिळत नाही असा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३ मध्ये ‘अनावश्यक विलंब न करता’ एवढंच होतं. १ जुलै २०२४ पासून सहा तासांची मर्यादा आहे. इथे साडेआठ तास झाले, आणि केबल कापताना तर कोणीच पाहिलं नव्हतं.

माझं डोकं फिरलं ते पंचनाम्यावर. ‘तांब्याची केबल, अंदाजे किंमत ६,००० रुपये.’ बिल नाही. मुद्देमाल बघायला मागितला: तीन वायरींची चपटी केबल, आवरण उन्हानं तडकलेलं, दोन ठिकाणी चिकटपट्टीचे जोड. भाव मात्र नव्या केबलचा. न्याय संहितेच्या कलम ३०३ खालची साधी चोरी ५,००० रुपयांच्या आतली असेल तर आता अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. म्हणजे लोकांना पकडायचा अधिकार नाही, पोलिसांनाही दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय अटक नाही. सगळी केस त्या एका आकड्यावर उभी, आणि तो लिहिणारे पंच ठाण्यासमोरच्या टपरीवरचे नेहमीचेच.

अटकेची कारणं लेखी दिली होती. नोव्हेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तेवढं ठाणी सांभाळतात.

कोर्टात ठरलेला प्रश्न झाला: पोलिसांविरुद्ध काही तक्रार? पोरगा ‘नाही’ म्हणाला, आणि ते खरंच होतं. मारलं होतं गावानं. मी मनगटं पुढे करायला लावली. दोरीचे वळ काळेनिळे पडलेले. “माले पानी बी नई दिधं,” एवढंच बोलला. पळून जाऊ नये इतकाच अटकाव चालतो, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४६. वैद्यकीय दाखल्यात मात्र ‘ताज्या जखमा नाहीत’. दंडाधिकाऱ्यांनी तपासणी पुन्हा करायला लावली आणि पोलीस कोठडी नाकारली.

रात्रीचा पुरावा मळेवाल्यांनीच दिला होता. ‘चोर पकडला’ म्हणून व्हॉट्सअॅपला स्टेटस, रात्री ११.५२. स्टेटस चोवीस तासांत उडतं, म्हणून स्क्रीनशॉट लगेच घ्यावा आणि साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं. ज्याच्या फोनवर घेतला तोही हाताशी लागतो.

राईनपाड्यात १ जुलै २०१८ ला पाच जणांना जमावानं ठार मारलं, तेही आपल्याच खानदेशात, शेजारच्या धुळे जिल्ह्यात. तरी ‘बांधलं तर काय झालं’ असं मला बार रूममध्येच ऐकवलं गेलं.

पोराचा बाप तक्रार द्यायला तयार नाही. केळीच्या गाड्या भरायला त्याच मळ्यांवर जायचं असतं. पण बेकायदा डांबून ठेवणं, न्याय संहितेचं कलम १२७(२), दखलपात्र आहे. बाप आला नाही तरी पोलिसांना गुन्हा नोंदवता येतो. तसा अर्ज दिलाय. पोच मिळाली, गुन्हा नंबर नाही. विचारलं की उत्तर एकच: साहेब बंदोबस्ताला गेलेत.